सांदवाडीतला दयाळ आणि हिवाळ्याची सकाळ

यवतमाळकडच्या एका ताईंनी विचारलं आहे: घरामागच्या सांदवाडीत रोज सकाळी दयाळ पक्षी येतो, तो हिवाळ्याच्या दृश्यात जलरंगानं रंगवायचा आहे. व्हिडिओ पाहून त्यांनी दोन चित्रं केली. पहिल्यात फांद्यांवर बर्फ घातला, तो घरच्यांनाच पटला नाही. दुसऱ्यात बर्फ काढून टाकला, तर चित्र उन्हाळ्यातलं वाटायला लागलं. शिवाय पक्ष्याचा काळा रंग डांबरासारखा दिसतो आणि पांढरं पोट कापून चिकटवल्यासारखं. आपल्याकडची थंडी दाखवायची तरी कशी?

ताई, दोन्ही चित्रांचे फोटो नीट पाहिले. हात चांगला आहे तुमचा, फांदीचं वळण तर फारच छान आलंय. अडचण बर्फाच्या आधीची आहे. दोन्ही चित्रांतला दयाळच मुळात मे महिन्यातला आहे. सडपातळ अंग, लांब मान, ताठ शेपटी, फांदीच्या टोकावर बसलेला. असा पक्षी कुठल्याही पार्श्वभूमीवर ठेवा, थंडी वाजल्यासारखी दिसणार नाही. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत सत्तावीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या पोरांच्या चित्रांत हीच गोष्ट दरवर्षी दिसायची: थंडी सगळी मागच्या आकाशात, पक्ष्याच्या अंगावर काहीच नाही. आधी पक्ष्याला हीव वाजू द्या, मग बाकीच्या चित्राला.

दयाळ आपल्याकडं बारा महिने असतो, म्हणून तो शिकायला उत्तम. तोच पक्षी दोन ऋतूंत कसा बदलतो ते त्याच कुंपणावर दिसतं. मे महिन्यात त्याची चोच उघडी असते, पंख अंगापासून थोडे सुटलेले, पिसं अंगाला घट्ट चिकटलेली. गाण्याचे दिवस असतात, म्हणून तो उंच जागा धरून बसतो. डिसेंबरात तो जवळजवळ मुका असतो, मधूनच एखादा खरखरीत आवाज काढतो, आणि बसतो खाली: कुंपणाच्या मधल्या काठीवर, पऱ्हाट्यांच्या ढिगावर, न्हाणीच्या दगडावर. पिसं फुलवलेली असतात. पक्ष्याच्या शरीराचं तापमान 40 अंशांच्या वर असतं आणि बाहेर पहाटे पारा कधी 8-10 पर्यंत उतरतो. ही तफावत तो पिसांत हवा कोंडून सांभाळतो. आपण गोधडी घेतो तसंच ते.

गेल्या जानेवारीत मी एक सकाळ फक्त एवढंच पाहण्यात घालवली. घरामागं तुराट्यांची गंजी आहे, तिच्यावर नर दयाळ बसला होता. सूर्य अजून शेजारच्या कोठ्यामागं होता. दयाळ अक्षरशः चेंडू झाला होता. मान नव्हतीच, डोकं थेट छातीवर ठेवल्यासारखं. हनुवटीची आणि कपाळाची पिसं फुगल्यामुळं चोच नेहमीपेक्षा आखूड दिसत होती. एक पाय पोटाच्या पिसांत गेलेला, दुसऱ्याची फक्त बोटं दिसत होती. शेपटी सैल, किंचित खाली. मग ऊन कवेलूंवरून उतरत उतरत त्याच्यापर्यंत आलं. त्यानं अंग झटकलं, पाठ उन्हाकडं केली, आणि पुढच्या वीसेक मिनिटांत तो माझ्यासमोर बारीक होत गेला. आधी मान दिसली, मग दुसरा पाय खाली आला, मग शेपटी उचलली गेली आणि तो जमिनीवर उतरून किडे वेचायला लागला. त्या वेळात मी सुपारीएवढी अकरा रेखाटनं केली. ती एका ओळीत लावली तर थंडी कमी होताना दिसते. तुम्हाला पहिल्या तीन-चारांतला पक्षी हवा.

त्यासाठी गप्प बसायची तयारी हवी. आमच्याकडं एक म्हातारे शेतकरी आहेत, ते मला एकदा म्हणाले होते, "मास्तर, पाखरू पाहाचं असन तं आपून खुटा होऊन बसा लागते." त्यांचंच ऐका. घोंगडं पांघरून, रोज एकाच जागी, चहाचा कप हातात घेऊन बसा. पहिले तीन दिवस काही रेखाटू नका, नुसतं पाहा. चौथ्या दिवशी पेन्सिल काढली तरी तो तुमच्याकडं लक्ष देत नाही.

रेखाटन करताना अंड्यापासून सुरुवात करा, पण अंडं उभं-आडवं कसं आहे ते आधी ठरवा. उन्हाळ्यातला दयाळ म्हणजे तिरकं, निमुळतं अंडं. थंडीतला दयाळ म्हणजे जवळजवळ गोल, तळाला बसकं. डोकं वेगळा गोळा म्हणून जोडू नका, एकाच रेषेत पाठीवरून डोक्यापर्यंत जा. डोळा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा चोचीच्या जवळ असतो. पायाबद्दल एक चूक सगळेच करतात: पक्ष्याचा गुडघा उलटा वाकतो असं समजून काढतात. तो गुडघा नसतो, घोटा असतो. खरा गुडघा पोटाच्या पिसांत झाकलेला असतो, आणि फुगलेल्या पक्ष्यात तर घोटाही दिसत नाही. म्हणजे तुमचं काम सोपंच झालं. पुढची तीन बोटं काठीला धरलेली दाखवा, मागचं चौथं काठीच्या पलीकडं जातं.

आता व्हिडिओंबद्दल, कारण तिथंच तुमचं पांढरं पोट बिघडलं आहे. त्या व्हिडिओंत बहुतेक अमेरिकेतला लाल कार्डिनल असतो. तो तिथं हिवाळाभर राहतो आणि बर्फावर उठून दिसतो, म्हणून तिकडच्या चित्रकारांचा तो आवडता. त्यांची चित्रं त्यांच्या जागी खरीच आहेत. पण बर्फ म्हणजे जमिनीवर अंथरलेला पांढरा पडदा. आकाशाचा उजेड त्याच्यावर पडून खालून वर येतो आणि पक्ष्याच्या पोटाला उजळतो. तुम्ही त्यातलं ते उजळ, निळसर पोट उचललंत आणि खालचा बर्फ तेवढा काढून टाकलात. आता तो उजेड येतो कुठून, हे डोळ्याला कळत नाही आणि पक्षी चिकटवल्यासारखा वाटतो.

आपल्याकडं खाली काळी माती असते. ती उजेड गिळते, दवानं ओली असली तर जास्तच. तिच्यावर बसलेल्या दयाळाचं पोट पांढरं असलं तरी सावलीत बऱ्यापैकी गडद करडं असतं. पण तोच पक्षी शेणानं सारवलेल्या अंगणाच्या कडेला बसला तर पोटाच्या तळाला हलकी पिवळट-खाकी झाक येते. ती झाक एकदा पाहिलीत की विसरणार नाही. पोटासाठी मी अल्ट्रामरीन निळ्यामध्ये बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरीचा एक थेंब घालून खूप पातळ करडा बनवतो, वरून खाली सोडतो आणि तो ओला असतानाच तळाशी यलो ऑकरचं, म्हणजे मातकट पिवळ्याचं टोक लावतो. पोटाचा उन्हाकडचा भाग कोरा कागद. पांढरा रंग वापरायचाच नाही. आणि पोटाभोवती पेन्सिलची बाह्यरेषा ठेवू नका. मागची गडद जागा रंगवतानाच पोटाची कडा तयार होऊ द्या.

काळ्याचं सांगतो. ट्यूबमधला तयार काळा बाजूला ठेवा. दयाळ नर काळा म्हणजे निळी चमक असलेला काळा, आणि सकाळी त्याच्या पाठीवर आकाश उतरलेलं असतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी दाट मिसळलं की जिवंत काळा मिळतो. त्याला कधी निळ्याकडं, कधी तपकिरीकडं झुकवता येतं. आधी सगळ्या काळ्या भागावर कोबाल्ट निळ्याचा अगदी पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. मग दाट काळा लावताना डोक्यावर, खांद्यावर आणि पाठीच्या उजेडाकडच्या पट्टीवर तो निळा तसाच सोडा. धुकं असेल तर ही पट्टी रुंद आणि मऊ असते, ऊन असेल तर अरुंद आणि धारदार. काळ्याची कडा सगळीकडं सारखी कापू नका. फुगलेल्या पिसांची कडा पाठीवर आणि छातीवर ओल्या ब्रशनं थोडी विरघळवली की पक्षी एकदम उबदार दिसतो. चोच आणि पंखावरची लांब पांढरी पट्टी मात्र ठाम हवी. मादी रंगवायची असेल तर काळ्याच्या जागी राखाडी असतो. नवशिक्याला मादी सोपी जाते आणि मला स्वतःला धुक्यात तीच जास्त आवडते.

डोळ्यातला ठिपका बारकावा वाटेल, पण पाहणाऱ्याची नजर आधी तिथंच जाते. स्वच्छ उन्हात तो एक बारीक, कडक पांढरा ठिपका असतो. धुक्यात आकाशच सगळीकडून उजळ असतं, त्यामुळं तिथं वरच्या बाजूला एक फिकट, पसरट झाक दिसते. तुमच्या चित्रात मागं धुकं आहे आणि डोळ्यात दुपारचं ऊन.

प्रकाशाकडं वळू. हिवाळा म्हणजे आपल्याकडं खाली असलेला सूर्य. वर्ध्या-यवतमाळच्या अक्षांशावर 22 डिसेंबरला भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून साधारण 46 अंशांवरच असतो, म्हणजे बारा-साडेबाराला माणसाची सावली जवळपास त्याच्या उंचीएवढी पडते. मे महिन्यात तोच सूर्य डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गोळा होते. तुम्ही काठीची सावली काठीखालीच काढली आहे, आणि दुसरं चित्र उन्हाळी वाटण्याचं निम्मं कारण तिथं आहे. डिसेंबरात सूर्य पूर्वेच्या बऱ्याच दक्षिणेला उगवतो, सकाळी आठला सावल्या लांबच लांब पडतात आणि त्या निळसर असतात, कारण सावलीत फक्त आकाशाचा उजेड पोचतो. उन्हाचा पट्टा केशरी आणि सावली निळी, एवढं जरी साधलं तरी चित्र गार होतं.

धुक्यासाठी कागद आधी पुरता भिजवा, दोन्ही बाजूंनी, आणि फळीवर चिकटवा. लिओनार्दो दा विंचीनं पाचशे वर्षांपूर्वी वह्यांत लिहून ठेवलं आहे की लांबच्या गोष्टी फिकट आणि निळ्या होत जातात. त्याच्यासमोर मैलोन्‌मैल पसरलेले डोंगर होते. धुक्यात तेच सगळं आपल्या सांदवाडीत पन्नास फुटांत घडतं. माझे तीन टप्पे ठरलेले: सगळ्यात मागं चिंच किंवा बाभूळ, मध्ये उभी तूर, पुढं कुंपण. एकच करडा रंग, मागं जाताना फक्त पाणी वाढवत जायचं. मागची चिंच झाडासारखी दिसायला नको, डागासारखी दिसली तरी पुरे.

इथं एक चूक हमखास होते. सूर्याजवळ पिवळा टाकतात, बाजूला निळा टाकतात, दोन्ही ओले असताना मिसळतात आणि धुकं हिरवट होतं. नासक्या पाण्यासारखं दिसतं ते. आधी यलो ऑकरमध्ये लाइट रेड या विटकरी रंगाचा कण घालून सूर्याभोवतीची ऊब लावा, कडा पाण्यानं विरवा, वाळू द्या. मग पुन्हा कागद हळूच ओला करून निळा-करडा बाहेरून आत आणा आणि उबेच्या अलीकडं थांबा. दोघांच्या मधल्या जागेत किंचित गुलाबी झाक राहिली तर फार सुंदर दिसतं. पहाटेचं आपलं आकाश तसंच असतं.

यासाठी हिवाळ्यासारखा ऋतू नाही. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये कागद भिजवून ब्रश उचलेपर्यंत तो कोरडा होतो, ओल्यावर ओलं काम करताच येत नाही. डिसेंबरात रंग सावकाश पसरतो, विचार करायला वेळ मिळतो. फक्त धुक्याच्या सकाळी बाहेर बसून रंगवू नका, एक हात वाळायला तासही लागतो. रेखाटन बाहेर, रंगकाम दहानंतर पडवीत. पडवीत म्हणजे सावलीतच. थेट उन्हात पांढरा कागद डोळे दिपवतो, सगळे रंग फिके वाटतात, म्हणून आपण ते दाट करत जातो आणि घरात नेल्यावर चित्र काळवंडलेलं निघतं.

आता सगळ्यात लाडकी गोष्ट, धूर. थंडीच्या सकाळी चुलीचा धूर वर जात नाही, कवेलूंच्या थोडं वर जाऊन आडवा पसरतो आणि गावावर चादरीसारखा थांबतो. रात्रभर जमीन थंड झालेली असते, तिला लागून असलेली हवाही गार आणि जड, आणि तिच्यावर तुलनेनं गरम हवेचा थर. धूर त्या थराखाली अडकतो. उन्हाळ्यात असं सहसा होत नाही, धूर सरळ उठून विरतो. म्हणून तुमच्या चित्रात मागं एक कवेलूचं छप्पर आणि त्यावर आडवा पट्टा असू द्या. धूर रंगवायचा नसतो, उचलायचा असतो. मागचा हात ओलसर असताना स्वच्छ, पिळलेला ब्रश आडवा फिरवा आणि कापडानं टिपा. विदर्भातल्या माणसाला त्या पट्ट्यातच सकाळ ओळखू येईल.

दवाचे पांढरे ठिपके देऊ नका. दव पडलेलं गवत दुरून चंदेरी, फिकट दिसतं, आणि त्यातून कुणी चालत गेलं की पावलांच्या जागी दव झडून गडद हिरवी वाट उमटते. ती वाट दाखवा. कुणीतरी नुकतंच गोठ्याकडं गेलंय, एवढं त्यातून कळतं. कुंपणावर दवानं भिजलेलं कोळ्याचं जाळं हवंच असेल तर सगळं वाळल्यावर ब्लेडच्या टोकानं एकच खरवडा.

मांडणीत एक बदल सुचवतो. तुमचा पक्षी पूर्ण फिकट धुक्यासमोर आहे, म्हणून काळं डोकं जास्तच टोचतं आणि पोट हरवतं. त्याला दोन इंच खाली आणा. डोकं धुक्यावर राहू द्या आणि पोटामागं वालाच्या वेलाचा किंवा तुरीचा मध्यम गडद भाग येऊ द्या. गडदामागं उजेड आणि उजेडामागं गडद अशी अदलाबदल झाली की बाह्यरेषेची गरजच उरत नाही. वालाला या दिवसांत जांभळट शेंगा असतात, दोन-तीन दाखवल्या तर ऋतू आणखी पक्का होतो. मुनग्याची, म्हणजे शेवग्याची, पानगळ झालेली फांदीही चालेल.

कागद 300 जीएसएमचा, म्हणजे जाड, आणि थोडा खरबरीत घ्या. आठ, चार आणि एक नंबरचे गोल ब्रश पुरतात, रंग विद्यार्थ्यांचे असले तरी चालतील. पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा, कागदात नको. हातकागदावर काम करायचं असेल तर आपल्या भागाला त्याची परंपरा आहे. 1934 मध्ये गांधीजींचा ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत हातकागदाचं काम झालं. कापसाच्या चिंध्यांचा कागद भिजवणं छान सोसतो. पण आधी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. तो टिपकागदासारखा लगेच आत गेला तर त्या कागदाला खळ कमी आहे, रंग मरतील. तो रेखाटनाला ठेवा.

मोबाइलचा फोटो वापरू का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. पायाच्या बोटांसाठी आणि पंखाच्या पट्टीसाठी जरूर वापरा. रंगासाठी नको. उजळ धुक्यासमोर काळा पक्षी आला की मोबाइल त्याला नुसती सावली करून टाकतो. पाठीवरचा निळा आणि पोटाखालची खाकी झाक त्यात येतच नाही. तुमच्या चित्रातला डांबरी काळा मला फोटोतूनच आलेला वाटतो.

दयाळ जमला की थिरथिऱ्याकडं वळा. तो हिवाळ्याचाच पाहुणा. हिमालयातून आणि त्याच्या पलीकडून येतो, दिवाळीच्या आसपास दिसायला लागतो, उन्हाळा तापायच्या आत निघून जातो. नर वरून काळपट, पोट आणि शेपटीच्या कडा विटकरी. मादी तपकिरी, पण शेपटी तीच विटकरी. बसल्या जागी शेपटी थरथरवतो, म्हणून ते नाव. चिरक पक्ष्याशी गल्लत होते. नर चिरकाच्या खांद्यावर पांढरा डाग असतो आणि विटकरी रंग फक्त शेपटीखाली. थरथर दाखवायला रेघा मारू नका, शेपटीची एकच कडा कोरड्या ब्रशनं खरबरीत सोडा.

आणि हे काम पुढं ढकलू नका. तुमच्याकडं तूर अजून उभी असेल. ती कापून गंजी लागली की मागचा मधला टप्पा जातो आणि वाडीतून थेट रस्ता दिसायला लागतो. रंग नंतर सावकाश भरता येतील, रेखाटनं मात्र येत्या आठ-दहा दिवसांतच उरकून घ्या.